कडब्याचा भाव

विस्कॉन्सिनमध्ये गाड्यांच्या नंबरप्लेटवरसुद्धा 'अमेरिकाज डेअरीलँड' छापलेलं असतं. इथल्या एखाद्या मोठ्या गोठ्यावर गेलात, तर एक गोष्ट तुम्हाला खटकेल. दुभत्या गाईंपुढे मका, सोयाबीन, अल्फाल्फाची मेजवानी. आणि आटवलेल्या, व्यायला महिना-दीड महिना उरलेल्या गाईंच्या चाऱ्यात चक्क गव्हाचं काड! आपल्याकडे उलटं. गाभण आहे ना, मग दोन मुठी पेंड जास्त घाला.

गाईला चार पोटं. पहिलं कोठीपोट, म्हणजे १५०-२०० लिटरचं पिंपच. शेवटच्या दिवसांत वासरू त्याला दाटीवाटीत ढकलतं. वासरू बाहेर आलं की एकदम जागा मोकळी होते. कोठीपोट वैरणीने भरलेलं असेल तर ते ती जागा धरून ठेवतं. नसेल तर चौथं पोट वायूने फुगतं आणि त्याच्याखालून डावीकडे सरकतं. गाय खाणं सोडते, दूध उतरतं. डॉक्टर बरगडीवर टिचकी मारून स्टेथोस्कोपने ऐकतात, तेव्हा पत्र्याच्या डब्यासारखा टणटणीत आवाज येतो. मी तो ऐकलाय. त्या गाईची उभ्या उभ्या शस्त्रक्रिया झाली.

शिवाय रवंथ करताना लाळ सुटते, दिवसाला १०० लिटरहून जास्त. तिच्यातला सोडा पोटातलं आम्ल शमवतो. म्हणून व्यायल्यावरही पेंड दोन-तीन आठवड्यांत हळूहळूच वाढवायची.

हे सगळं मी फोनवरून फलटणजवळच्या माझ्या धाकट्या भावाला ऐकवतो. त्याची संकरित गाय सात महिन्यांची गाभण आहे. दावणीत उसाचे वाढे, वर पेंड. वाढ्यात तंतू असतात, पण ऑक्झलेटही असतं; ते कॅल्शियम अडवतं, आणि व्याताना तर कॅल्शियम हवंच हवं.

"दादा, कडब्याचा भाव माहितीये का? तिथं बसून सांगायला काय जातंय!"

बरोबरच आहे त्याचं. शिवारात ज्वारी उरली नाही, कडबा विकतच आणायचा. तरी शेवटच्या दोन महिन्यांपुरता घ्यायचा, असं ठरलंय. इंच-दीड इंचाची कुट्टी करायची. लांब ठेवली तर गाय निवडून बाजूला सारते, अगदी भुगा केला तर रवंथ कमी होतं. नुसत्या कडब्यावरही ठेवायचं नाही. थोडी पेंड आणि खनिज मिश्रण हवंच. निम्मे पैसे मी पाठवलेत. कुट्टीचं मशीन शेजारच्या अण्णांकडे आहे म्हणे.