अळणी आमटीची गोडी

पाकशास्त्रांत रसांची जुळणी म्हणजे काय, हें मीठ काढून घेतल्याखेरीज कळत नाहीं. आमच्या मामंजींना डॉक्टरांनीं रक्तदाबासाठीं मीठ कमी करावयास सांगितलें, तेव्हां गिरगांवांतील आमच्या बारा माणसांच्या घरांत दोन आमट्या शिजूं लागल्या. दोन दिवस मामंजींनीं आपली वाटी मुकाट्यानें संपविली. तिसऱ्या दिवशीं ती बाजूला सारून ते ताकभातावर उठले. ऐशीं वर्षांच्या माणसाचें अन्नच तुटलें, तर पथ्याचा उपयोग काय?

मीठ केवळ खारटपणा आणतें असें नव्हे. तें कडूपणा दाबतें आणि इतर रसांना वाट करून देतें. १९९७ सालीं अमेरिकेंतील दोन संशोधकांनीं हें प्रयोगानें दाखविलें. मीठ कमी होतांच फोडणींतली मेथी पुढें येते, ती यामुळेंच. आम्हीं मेथीचे दाणे निम्मे केले व गूळ किंचित् वाढविला; गोडानेंहि कडूपणा झांकतो. (गूळ फार झाला, तर मात्र आमटीची खीर होते.)

खरें काम आंबटानें केलें. आंबटाची जोड असली कीं थोडें मीठहि जिभेला पुरेसें वाटतें. पण आंबट कोणतें? सासूबाई रत्नागिरीकडच्या, त्या आमसुलावर अडल्या. थोरल्या जाऊबाई पुण्याच्या, त्यांना चिंचेवांचून आमटी ही आमटीच नव्हे. हा वाद आमच्याकडे जुना आहे. या खेपेस निकाल तिसरीकडेच लागला. कोकमाचें आगळ मिठांतच टिकतें, आमसुलांनाहि पुष्कळदां मीठ लावलेलें असतें. आणि वर्षाची चिंच आपण बरणींत भरतों, तीहि मीठ लावूनच! एका हातानें काढलेलें मीठ दुसऱ्या हातानें घालण्यांत काय हंशील? म्हणून लिंबू ठरलें, उन्हाळ्यांत कैरी. लिंबू आमटी आंचेवरून उतरल्यावर पिळावें, उकळीबरोबर त्याचा सुवास उडून जातो. कैरी डाळ पुरती शिजल्यावर घालावी. आंबटांत डाळ मऊ होत नाहीं. शेवटीं हिंग, जिरें व कढीलिंबाची फोडणी वरून द्यावी. मसाल्याचा सुवास तेलांत उतरतो, आणि अर्धी चव वासानेंच भागते.

आतां घरांत पुन्हां एकच आमटी शिजते. ज्यास हवें तो पानांतलें मीठ कालवून घेतो. जाऊबाई घेतात.

जागतिक आरोग्य संघटना प्रौढांस दिवसाला ५ ग्रॅमांहून कमी मीठ सांगते, म्हणजे चहाचा जेमतेम एक चमचा. त्यांत पापड-लोणचेंहि धरावयाचें, हें कोणाच्या ध्यानांत राहत नाहीं. बाजारांत कमी सोडियमचें मीठ मिळतें खरें. पण त्यांत बहुधा पोटॅशियम असतें, व ज्यांचीं मूत्रपिंडें दुबळीं आहेत त्यांना तें बाधूं शकतें. डॉक्टरांना विचारल्यावांचून तें डब्यांत भरूं नये.