जखडले कुठे?

बैलगाडीच्या लाकडी चाकावर लोहार लोखंडी धाव बसवतो, तेव्हा ती चाकापेक्षा मुद्दाम थोडी लहान घडवलेली असते. जाळात लाल झालेली धाव फुगते, चाकावर अलगद उतरते, मग तिच्यावर पाणी पडते आणि निवता निवता ती सगळे चाक आवळून धरते. 1200 मिलिमीटर व्यासाची धाव 500 अंशांनी तापली, तर तिचा व्यास सात-आठ मिलिमीटरने वाढतो. एवढ्या जागेत लोहाराचा सगळा हिशेब बसतो. जाळात सगळीकडून सारखी तापलेली धाव कितीही फुगो, तिच्यात ताण नसतो. ताण येतो तो निवताना, तिला हवे तेवढे आकसायला लाकूड आडवे येते म्हणून. कॉम्प्युटरवर उष्णतेने होणाऱ्या प्रसरणाचे सिम्युलेशन करताना आपल्या हातून नेमकी हीच गोष्ट निसटते. तापमानाचा आकडा आपण दहादा तपासतो, पण वस्तू कुठे जखडली आहे आणि जखडली तेव्हा ती किती गरम होती, हे विचारत नाही. उत्तर विचित्र आले की शोध या दोन प्रश्नांपासून सुरू करावा, असे माझे मत आहे.

याचा पुरावा रुळावर मिळतो. बार्शी लाइट रेल्वेची अडीच फुटी गाडी 1911 मध्ये लातूरपर्यंत पोचली. तशा जुन्या मार्गांवर रुळांच्या सांध्यांत फट सोडलेली असे, आणि गाडीचा ठेक्यातला खडखडाट त्या फटींचाच. आजच्या ब्रॉडगेजवर रूळ वेल्डिंगने सलग जोडतात. सोलापूर–तुळजापूर–धाराशिव या सुमारे 84 किलोमीटरच्या नव्या मार्गाचा विचार करतानाही हिशेब सलग रुळाचाच करावा लागतो. मोकळा 100 मीटरचा रूळ 30 अंशांनी तापला, तर 36 मिलिमीटरने लांबेल आणि ताण शून्य राहील. तोच रूळ स्लीपर आणि खडीने धरून ठेवला, तर लांबी वाढणार नाही, पण दर अंशाला सुमारे 2.4 मेगापास्कल ताण चढत जाईल. या दुसऱ्या हिशेबात लांबी कुठेच येत नाही. रूळ एक किलोमीटरचा असो वा दहा, मधल्या भागातला ताण तोच. मॉडेलमधला रूळ दुप्पट लांब केल्यावर ताणही बदलला, तर टोकांचे आधार चुकले आहेत, हे तिथेच कळते.

दुसरा प्रश्न जखडतानाच्या तापमानाचा. रूळ बसवताना तो एका ठरावीक तापमानाला ताणमुक्त करून मगच घट्ट करतात. समजा, हे तापमान 38 अंश आहे आणि सॉफ्टवेअरमध्ये रेफरन्स टेंपरेचर म्हणून आपण 20 तसेच राहू दिले. आपल्याकडे उन्हाळ्यात पारा चाळिशी ओलांडतो आणि उन्हातला रूळ हवेपेक्षा बराच जास्त तापतो. तो 60 अंशांवर गेला, तर खरा दाब 53 मेगापास्कल, पण मॉडेल सांगेल 96. मीटरला 60 किलो वजनाच्या रुळात हा फरक 41 टन आणि 75 टन यांच्यातला आहे. कोणी म्हणेल, जास्त आकडा आला तर बिघडले काय, चूक सुरक्षित बाजूलाच झाली. पण हाच रूळ थंडीच्या पहाटे 8 अंशांवर येऊ द्या. खरी ओढ 72 मेगापास्कल, मॉडेल दाखवते 29. उन्हाळ्यात सावध वाटणारी चूक हिवाळ्यात, म्हणजे रूळ तडकण्याच्या मोसमात, धोका निम्म्याहून कमी करून सांगते. सेल्सिअस आणि केल्विनची गल्लत तर याहून दांडगी. रेफरन्स 293 आणि तापमान 60 असे भरले, की सॉफ्टवेअर रूळ 233 अंशांनी गार झाला असे समजते. चित्र तेवढेच रंगीत दिसते, फक्त वस्तू फुगण्याऐवजी आकसलेली असते. म्हणून ताण किती हे पाहण्याआधी वस्तू कोणत्या दिशेला सरकली, ते पाहावे.

‘फिक्स्ड सपोर्ट’ हा पर्याय सोयीचा आहे म्हणूनच घातक आहे. प्रत्यक्षात बोल्ट थोडा सरकतो, पाया थोडा दबतो, आणि तापलेला भाग आडवाही फुगतो. मॉडेलमध्ये मात्र आपण पूर्ण पृष्ठभाग दगडासारखा धरतो. मग कोपऱ्यात लाल डाग उमटतो. मेश, म्हणजे गणितासाठी पाडलेली जाळी, बारीक करावी तसा तिथला आकडा वाढतच जातो, कारण तो कोपरा गणिताने तयार केलेला असतो, धातूने नव्हे. घट्ट आधार धरणे म्हणजे जादा काळजी, हा बचावही टिकत नाही. लाल डाग पाहून डिझायनर जाडी वाढवतो. वजनाच्या भाराला हा उपाय लागू पडतो, उष्णतेला पडत नाही. दोन्ही टोकांना जखडलेली पट्टी दुप्पट जाड केली, तर ताण तेवढाच राहतो आणि आधारांवरचा जोर मात्र दुप्पट होतो. तिथे गरज असते थोडी जागा सोडण्याची, सरकत्या आधाराची.

यावर एक रास्त आक्षेप असा, की खऱ्या कामातले आकार गुंतागुंतीचे असतात, धातू दोन-तीन असतात, तिथे हातचा हिशेब कुठवर पुरणार? तो उत्तर काढायला पुरत नाही, हे मान्य. पण उत्तर खोटे असेल तर पकडायला पुरतो. दोन धातूंच्या पट्टीचे सूत्र टिमोशेन्को या अभियंत्यांनी 1925 मध्येच मांडले. आपल्या सेटिंगने ती पट्टी नीट वाकते का, हे मिनिटांत तपासता येते. प्रसरणाचा गुणांकही असाच ताडून पाहावा. पोलादाचा 12 हा आकडा (दर अंशाला दहा लाखांत 12 भाग) साध्या तापमानाचा. लाल धावेसाठी सरासरी 14 च्या आसपास धरावी लागते. शिवाय तो गुणांक कोणत्या तापमानापासून मोजलेला आहे, हे सॉफ्टवेअरला सांगावे लागते. आणखी एक मर्यादा आहे: साधे रेषीय विश्लेषण रुळातला दाब सांगेल, पण रूळ बाजूला वाकून मार्ग बिघडेल का, हे कधीच सांगणार नाही. त्यासाठी बकलिंगची वेगळी तपासणी करावी लागते.

तेव्हा उत्तर पटले नाही, तर मेशला हात लावण्याआधी सगळे आधार काढून टाका. एक बिंदू तिन्ही दिशांना धरा, दुसरा दोन दिशांना, तिसरा एका दिशेला. सगळ्या भागांना एकच धातू आणि एकच तापमान द्या. ताण शून्य यायला हवा. आला नाही, तर चूक मॉडेलमध्ये आहे. आला, तर खरे आधार एकेक करून परत लावा. ज्या आधाराशी आकडा अचानक उसळेल, तिथे थांबा आणि प्रत्यक्ष जागेवर तो भाग खरोखर तेवढा जखडलेला आहे का, हे जाऊन पाहा.