क्लबांच्या दारीं नवखे

परगांवाहून येऊन नव्या शहरांत बिऱ्हाड मांडणाऱ्या कुटुंबास दुधाची, पाण्याची व किराण्याची सोय लावण्यास फार दिवस लागत नाहींत. ओळखीची सोय लावण्यास मात्र वर्ष वर्ष लागतें. गेल्या ज्येष्ठांत जबलपूर सोडून आम्ही पुण्यास आलों, तेव्हां हा अनुभव आमच्या वांट्यास आला. पुतण्यास येथें नोकरी लागली, आणि घर एकत्र असल्यामुळें त्याच्या पाठोपाठ सातहि माणसें निघालीं. मुलांना शाळा मिळाली, सुनांना शेजार मिळाला. राहिले ते आमचे वडीलबंधू. वयाची त्र्याहत्तरी उलटलेले, आणि दीड वर्षापूर्वीं वहिनी गेल्यापासून अबोल झालेले. जबलपुरास निदान नर्मदेचा घाट होता व चाळीस वर्षांचे सोबती होते. येथें गॅलरींतली खुर्ची आणि समोरचा रस्ता, एवढेंच. सकाळचें वर्तमानपत्र दुपारींहि त्याच पानावर उघडें दिसूं लागलें, तेव्हां घरांत सर्वांनाच काळजी वाटूं लागली. डॉक्टरांनीं तपासून औषध न देतां, "यांना माणसांत न्या," इतकेंच सांगितलें.

परंतु माणसांत न्यावयाचें म्हणजे न्यावयाचें कोठें? देवदर्शनाची दादांना फारशी आवड नाहीं, आणि कोणाच्या घरीं उगाच जाऊन बसण्यासारखी ओळख नाहीं. शेवटीं पुण्यांतील क्लब, मंडळें व जिमखाने पाहण्याचा क्रम आम्हीं धरला. त्या फेरीची हकीकत, आमच्यासारख्या नवख्या कुटुंबांच्या उपयोगी पडेल म्हणून, येथें देत आहों.

या कामीं पुण्यासारखें दुसरें शहर नाहीं, असें म्हणण्यास हरकत नाहीं. 'जिमखाना' हा शब्द कानास विलायती वाटतो, पण तो घडला आपल्याच देशांत. 'गेंदखाना', म्हणजे चेंडू खेळण्याची जागा, या हिंदुस्थानी शब्दास इंग्रजी 'जिम्नॅस्टिक्स'ची जोड मिळून तो झाला असावा, असें कोशकार मानतात. बॅडमिंटनचे पहिले नियम १८७३ च्या सुमारास येथल्याच छावणींत बांधले गेले, व विलायतेंत प्रारंभीं तो खेळ 'पूना' या नांवानें ओळखला जाई. डेक्कन जिमखान्याची स्थापना १९०६ सालची. तेथील मैदानी शर्यतींत अनवाणी धांवणारे खेळाडू सर दोराबजी टाटा यांनीं पाहिले, आणि त्यांतूनच १९२० सालीं अँटवर्पच्या ऑलिंपिक सामन्यांस हिंदुस्थानचे खेळाडू पाठविण्याची कल्पना निघाली. वाचनाची गोडी असणारांसाठीं पुणें नगर वाचन मंदिर १८४८ पासून उभें आहे, व व्याख्यानांची हौस असणारांसाठीं न्यायमूर्ति रानड्यांनीं १८७५ मध्यें सुरू केलेली वसंत व्याख्यानमाला आहे. एवढ्या समृद्ध गांवांत एका वृद्ध गृहस्थास संध्याकाळीं बसण्यापुरती जागा सहज मिळेल, असें आम्हांस वाटलें, तर त्यांत आमचा दोष काय?

पहिल्यानें आम्ही एका जुन्या व नामांकित क्लबांत गेलों. तेथील रीत कळली ती अशी: सभासद व्हावयाचें तर एका सभासदानें नांव सुचविलें पाहिजे व दुसऱ्यानें त्यास अनुमोदन दिलें पाहिजे, मग अर्ज फलकावर लागतो, कोणाची हरकत नसल्यास समितीपुढें जातो, आणि जागा रिकामी होईपर्यंत यादींत पडून राहतो. म्हणजे ज्याची आधींच ओळख आहे त्यासच ओळखी करून घेण्याचा परवाना मिळावयाचा! तरीहि पाहुणे म्हणून आंत डोकावण्यास मोकळीक होती. आम्ही पायऱ्या चढूं लागलों, तोंच दारावरच्या मनुष्यानें दादांच्या पायांकडे बोट केलें. पायांत कोल्हापुरी चप्पल होती. बुटाखेरीज दिवाणखान्यांत प्रवेश नाहीं, असा नियम निघाला. तो मनुष्य नम्रपणेंच बोलला, नियमहि त्याचा नव्हे. दादा एक शब्द बोलले नाहींत. "चल, घरीं जाऊं," म्हणाले, व वळले. त्यानंतर तीन आठवडे ते घराबाहेर पडले नाहींत.

त्या तीन आठवड्यांत आमच्या मनास फार चुटपुट लागून राहिली. साहेबाच्या क्लबाच्या दारावर आपल्या वाडवडिलांस कसें अडविलें जाई, याच्या गोष्टी आपण संतापानें सांगतों. पोषाखाच्या नियमांचें शेपूट तर साहेब गेल्यावरहि पुष्कळ दिवस वळवळत राहिलें. वेष्टी नेसून आलेल्यांस क्लबांनीं प्रवेश नाकारूं नये म्हणून तामिळनाडूच्या विधिमंडळास २०१४ मध्यें कायदा करावा लागला. परंतु हा संताप करितांना एक गोष्ट आपण सोयीस्करपणें विसरतों. याच पुण्यांत पाळवणकर बाळू नांवाचा एक असामान्य गोलंदाज होऊन गेला. जातीनें चर्मकार, प्रारंभीं महिना तीन-चार रुपयांवर खेळपट्टीची निगा राखी व साहेबांना सरावासाठीं चेंडू टाकी. पुढें गोऱ्यांशीं सामना जिंकावयाचा, तर बाळूखेरीज गत्यंतर नाहीं, हें येथील हिंदु खेळाडूंस कळून चुकलें, तेव्हां त्यास संघांत घेतलें. मैदानावर त्याच्या हातचा चेंडू सर्वांस चाले. पण चहाच्या वेळीं त्याचा चहा बाहेर, निराळ्या मातीच्या भांड्यांत! १९११ च्या इंग्लंडच्या दौऱ्यांत त्यानें शंभरांहून अधिक बळी घेतले, तरी हिंदु संघाचें कर्णधारपद त्यास कधीं रीतसर मिळालें नाहीं. तें १९२३ सालीं त्याचा धाकटा भाऊ विठ्ठल यास मिळालें. ज्यांना एका दारावर अडविलें, त्यांनींच दुसऱ्या दारावर उभें राहून दुसऱ्यास अडविलें. मनुष्यस्वभावाची ही गति आहे.

ही जुनी हकीकत आहे, असें म्हणून आम्ही ती मिटवूं पाहत होतों. परंतु त्याच सुमारास आमच्या सौभाग्यवती शेजारच्या एका महिला मंडळांत जाऊन आल्या. स्वागत उत्तम झालें, हळदीकुंकू झालें, आणि मग प्रश्न सुरू झाले: "तुम्ही मूळच्या कुठल्या? आडनांव काय? म्हणजे कोकणस्थ कीं देशस्थ?" त्यांनीं हंसत उत्तरें दिलीं, आणि बायकांनीं सरकून जागा केली. त्या दिवशीं आणखी एक नवखी बाई आली होती. तिला तोच प्रश्न आला, तेव्हां तिनें आडनांव न सांगतां केवळ गांवाचें नांव सांगितलें, आणि पुढच्या वेळीं ती आली नाहीं. "मला जागा मिळाली ती माझ्या आडनांवाला मिळाली," असें सौभाग्यवती त्या रात्रीं म्हणाल्या, "आणि मीहि आनंदानें बसलें कीं हो!" यावर आम्हांस उत्तर सुचलें नाहीं. दादांच्या चपलेचा नियम आम्हांस तीन आठवडे सलत होता. या नियमाचा तर फलकहि कोठें लावलेला नव्हता.

असो. दुसरी फेरी बागेंतल्या हास्यक्लबाची. हा प्रकार १९९५ सालीं मुंबईंतील एका उद्यानांत पांच माणसांनिशीं डॉ. मदन कटारिया यांनीं सुरू केला, आणि पाहतां पाहतां देशोदेशीं पसरला. येथें शिफारस नाहीं, अर्ज नाहीं, बुटाचा आग्रह नाहीं. सूर्योदयास यावें, वर्तुळांत उभें राहावें, टाळ्या वाजवाव्या, दीर्घ श्वास घ्यावा व मोठ्यानें हंसावें. मंडळी फार प्रेमळ होती. परंतु दादा वर्तुळांत नुसते उभे राहिले. घरीं येतांना म्हणाले, "लोक चांगले आहेत रे. पण अजून मला खोटें हंसतां येत नाहीं." आम्हीं आग्रह केला नाहीं. औषध चांगलें असलें तरी तें घेण्याची वेळ यावी लागते.

वाचनालयाच्या खोलींत तर आठ दिवस सुखानें गेले. नवख्यास वाचनालयासारखी दुसरी जागा नाहीं. तेथें मौन हाच शिष्टाचार असल्यामुळें अबोल मनुष्य कोणाच्या डोळ्यांवर येत नाहीं. पण हाच त्याचा दोषहि आहे. आठ दिवसांनीं हिशेब केला, तों दादांनीं तेथें एक शब्दहि उच्चारला नव्हता.

शेवटची जागा आम्हांस शोधतां सांपडली नाहीं; पाऊस आला म्हणून सांपडली. भाद्रपदांत एके संध्याकाळीं सर आली, आणि आडोशासाठीं आम्ही एका जुन्या इमारतीच्या पडवींत शिरलों. आंत मोठी खोली होती. दोन कॅरमबोर्ड, ब्रिजची दोन टेबलें, आणि भिंतीकडे, हिरवें कापड ठिकठिकाणीं विरलेलें, एक स्नूकरचें टेबल. आम्ही दारांत घुटमळत होतों. टेबलाजवळच्या एका गृहस्थानें नांव विचारलें नाहीं, गांव विचारलें नाहीं, काठीला खडू लावीत तो एवढेंच म्हणाला, "खेळतां कां? आमचा एक भिडू पावसांत अडकला आहे."

दादा जबलपुरास तरुणपणीं हा खेळ खेळत, हें आम्हांस ठाऊक होतें. पण गेल्या वीस वर्षांत त्यांनीं काठी हातीं धरल्याचें स्मरत नाहीं. ते नको म्हणतील, अशी आमची खात्री होती. ते क्षणभर टेबलाकडे पाहत राहिले, मग चष्मा पुसला, आणि पुढें झाले. पहिलाच चेंडू, अगदीं भोंकाच्या तोंडाशीं असलेला, चुकला. कोणीतरी सहानुभूतीनें चुकचुकलें. तेव्हां दादा, दीड वर्षांत घरांतहि बोलले नव्हते इतकें, एका दमांत बोलले.

ते म्हणाले, "हा खेळ आमच्या गांवचा, ठाऊक आहे कां? १८७५ सालीं जबलपूरच्या छावणींत पावसाळ्यांत कंटाळलेल्या लष्करी अंमलदारांनीं काढलेला. त्यांत नेव्हिल चेंबर्लेन नांवाचा एक तरुण होता. पुढें पंतप्रधान झाला तो निराळा. विलायतेंत वुलविच येथें लष्करी विद्यालय होतें. तेथें पहिल्या वर्षाच्या पोरांना, म्हणजे नवख्यांना, 'स्नूकर' म्हणून चिडवीत. इकडे खेळतांना एकाचा सोपा चेंडू चुकला, तेव्हां चेंबर्लेन त्यास म्हणाला, 'तूं तर निव्वळ स्नूकर!' तो रागावला. मग त्याची समजूत काढण्यास चेंबर्लेन म्हणाला कीं, अरे, या खेळांत आपण सगळेच स्नूकर आहों. तेंच नांव खेळाला चिकटलें. नियम पुढें १८८२ सालीं उटीच्या क्लबांत भिंतीवर लागले. तेव्हां माझा चेंडू चुकला तर मी खेळाच्या नांवाला जागलों, इतकेंच!"

मंडळी मनापासून हंसली, आणि दादाहि हंसले. तें हंसणें खोटें नव्हतें. खडूवाला गृहस्थ म्हणाला, "म्हणजे आजोबा, हें टेबल तुमच्या माहेरचें!" त्या रात्रीं दादा सर्वांबरोबर जेवावयास बसले, व कित्येक महिन्यांनीं त्यांनीं ताक मागून घेतलें.

आतां ते आठवड्यांतून चार दिवस तेथें जातात. वहिनींची आठवण त्यामुळें मिटली असें नाहीं. एखादे रात्रीं गॅलरींत ते अजूनहि एकटे बसलेले दिसतात. पण दुसऱ्या दिवशीं संध्याकाळीं पांच वाजतां चप्पल पायांत घालून दाराशीं उभे असतात, हेंहि तितकेंच खरें.

या भटकंतींतून जें सुचलें, तें थोडक्यांत सांगतों. नवख्यानें एका भेटींत कोणत्याहि मंडळाची पारख करूं नये; एकाच वारीं, एकाच वेळीं, तीनदां तरी जावें, म्हणजे तींच माणसें भेटतात व चेहरा ओळखीचा होतो. पाहुण्यांचें शुल्क व पोषाखाचा नियम आधीं फोनवर विचारून घ्यावा, म्हणजे वडील माणसाचा दारांत अवमान होत नाहीं; ती चूक आमची होती. शक्य तों जेथें हातास कांहीं काम आहे तेथें न्यावें. दुःखी मनुष्यास संभाषण जड जातें, डाव जड जात नाहीं. आणि जे आधींच आंत बसले आहेत त्यांस विनंती इतकीच कीं, दारांत आलेल्यास "तुम्ही कोण?" असें विचारण्यापूर्वीं "खेळतां कां?" असें विचारावें. पहिला प्रश्न माणसाची परीक्षा घेतो. दुसरा त्याला जागा देतो.

सौभाग्यवतींनीं त्या दुसऱ्या बाईंचें घर शोधून काढलें आहे. गेल्या महिन्यांत त्या स्वतः जाऊन तिला मंडळांत घेऊन आल्या, व आडनांवाचा प्रश्न निघण्यापूर्वींच भजनाची वही तिच्या हातीं दिली. आणि परवां आम्ही दादांना आणावयास गेलों, तों त्या पडवींत एक अनोळखी वृद्ध गृहस्थ छत्री मिटीत घुटमळत उभे होते. आम्ही कांहीं बोलणार, तोंच आंतून दादांचा आवाज आला:

"अहो, या कीं आंत. खेळतां कां?"