वेताळाला ओल लागू नये म्हणून

मे महिना उजाडला की दिंडोशीच्या आमच्या घरात कॉमिक्सचं कपाट रिकामं करायला घेतो. हॉलमध्ये फरशीवर जुन्या चादरी अंथरल्या जातात आणि त्यांवर वेताळ, मॅन्ड्रेक, बहादूर, चाचा चौधरी आणि अमर चित्रकथेतले राजेरजवाडे ओळीने मांडले जातात. गाद्या-उशा गच्चीवर कडक उन्हात पडतात, पण अंकांना ऊन दाखवायचं नाही. पडदे ओढून, पंखा बारीक करून त्यांना सावलीतच हवा द्यायची. एकेक अंक उघडायचा, मधल्या पानावरची पिन बघायची, मुलायम ब्रशने कडा झटकायच्या. दोन शनिवार-रविवार यात जातात आणि ते मला अजिबात जड वाटत नाहीत.

या संग्रहाचं मूळ माझ्या मोठ्या भावाच्या पत्र्याच्या ट्रंकेत आहे. लालबागच्या चाळीत दादाने खाऊचे पैसे साठवून मराठी इंद्रजाल कॉमिक्स जमवली होती. चाळ पुनर्विकासाला गेली, प्रत्येकाचं सामान विखुरलं आणि ट्रंक माझ्याकडे आली. टाइम्स ऑफ इंडिया समूहाने मार्च १९६४मध्ये इंद्रजाल सुरू केलं. पहिले ३२ अंक निव्वळ वेताळाचे होते. मग मॅन्ड्रेक आला, फ्लॅश गॉर्डन आला, १९७६मध्ये आबिद सुरतींचा बहादूर आला. १९९०मध्ये मालिका थांबली तोवर आठशेहून अधिक अंक निघाले होते. दादाच्या ट्रंकेत त्यांतले थोडेच होते. उरलेले शोधता शोधता मी रद्दीवाल्यांशी ओळखी वाढवल्या, माटुंग्याला किंग्ज सर्कलच्या पदपथावर तासन्‌तास बसले. इंद्रजालच्या जोडीला अमर चित्रकथा आल्या, टिंकल आलं, राज कॉमिक्स आली. राम वाईरकर आणि प्रताप मुळीक यांच्या रेषेवर माझ्या पिढीचे डोळे घडले. शिवाजी महाराजांच्या काळातला किल्ला, दरबार, घोडदळ हे सगळं आम्ही इतिहासाच्या पुस्तकाआधी त्या चौकटींतून पाहिलं. म्हणून हे अंक मला नुसती हौस वाटत नाहीत.

पण ते छापले गेले होते वाचून टाकून देण्यासाठी. स्वस्त कागद लाकडाच्या लगद्याचा, त्यात लिग्निन राहिलेलं असतं. उजेड आणि हवा लागली की ते पिवळं पडतं, कागदात आम्ल तयार होतं आणि काही वर्षांनी पानाचा कोपरा दुमडला तर तुटून हातात येतो. कागदाची ही झीज थांबवता येत नाही, फक्त लांबवता येते. उष्णता, उजेड आणि ओल जितकी कमी तितकं आयुष्य जास्त.

आणि आमचं दिंडोशी म्हणजे ओलीचंच माहेर. एका अंगाला राष्ट्रीय उद्यानाचे डोंगर, दुसऱ्या अंगाला आरेची झाडी. जून ते सप्टेंबर ढग डोंगराला टेकलेले असतात. जुलैत घरातल्या आर्द्रतामापकाचा काटा ८० टक्क्यांच्या खाली उतरतच नाही, आणि ६५-७०च्या पुढे गेलं की कागदावर बुरशी धरते. मुंबईचा पाऊस नैर्ऋत्येकडून येतो, त्यामुळे त्या बाजूची भिंत दर पावसाळ्यात घामेजते आणि रंगाचे पोपडे सुटतात. न्हाणीघराला लागून असलेली भिंतही ओल धरते. दोन खोल्यांच्या घरात या दोन भिंती वजा केल्या की कपाटाला एकच जागा उरते: हॉल आणि झोपायच्या खोलीमधली आतली भिंत. तिथेच ते आहे. लोखंडी कपाट भिंतीपासून चार बोटं पुढे ओढलेलं, खाली लाकडी ठोकळे. पत्रा गार भिंतीला चिकटला की आतून दव धरतो, आणि फरशीला टेकलेला खण ही वाळवीला सरळ वाट.

एका वर्षी वरच्या मजल्यावरून गळती सुरू झाली आणि पाणी कपाटाच्या माथ्यापर्यंत आलं. ताडपत्री टाकून रात्र काढली. त्या दिवसांत मला आबिद सुरतींची फार आठवण यायची. ज्यांनी बहादूर निर्माण केला, त्यांनी २००७मध्ये मीरा रोडला ‘ड्रॉप डेड’ नावाची संस्था काढली आणि प्लंबरला सोबत घेऊन रविवारी दारोदार जाऊन गळके नळ फुकट दुरुस्त करायला सुरुवात केली. थेंबाथेंबाने किती जातं हे त्यांनी ओळखलं होतं. पाण्याच्या बाबतीत ते खरं आहे, तसंच कागदाच्याही.

अंक कशात ठेवायचे यावर सासूबाईंशी माझी बरीच चर्चा झाली. मी प्रत्येक अंक पिशवीत घालून घट्ट बंद करत होते. त्या बाजूला बसून बघत होत्या.

“अगं, पोथ्या कधी कुणी प्लास्टिकात कोंडतं का?” त्या म्हणाल्या. “आमच्या मालवणच्या घरी कापडात बांधायचे. आत वेखंडाचा तुकडा. श्वास घेऊ दे त्यांना.”

“पण आई, वाळवी, कसर?”

“त्यासाठी दर महिन्याला बांधणं सोडून बघायचं असतं.”

त्यांचं आणि आजच्या जाणकारांचं म्हणणं बरंचसं जुळतं. पीव्हीसीची पिशवी कागदाला मारक, कारण तिच्यातलं तेलकट द्रव्य सुटून शाईला चिकटतं. पॉलिएस्टर किंवा पॉलिप्रॉपिलीनची पिशवी चालते, पण अंक कोरडा असतानाच भरायची, म्हणजे डिसेंबर-जानेवारीत. पावसाळ्यात पिशवी बंद केली तर ओल आतच अडकते. आता माझ्याकडे दुर्मीळ अंक अशा पिशवीत, पाठीला आम्लविरहित पुठ्ठा लावून उभे ठेवलेले आहेत. खोका खच्चून भरायचा नाही आणि अर्धा रिकामाही ठेवायचा नाही, नाहीतर अंक वाकतात. बाकीचे दहा-दहाच्या गठ्ठ्याने धुतलेल्या सुती कापडात आडवे असतात. डांबरगोळ्या मी वापरत नाही, त्यांची वाफ माणसांनाही बाधते. सासूबाईंच्या सांगण्यावरून खणाच्या कोपऱ्यात वेखंड असतं. ते बुरशी थांबवत नाही, म्हणून सोबत सिलिका जेलच्या पुरचुंड्या. केशरी दाणे ओल पिऊन हिरवे झाले की ओव्हनमध्ये मंद तापवून पुन्हा केशरी करायचे.

बाहेरून आलेला अंक मी लगेच कपाटात घेत नाही. रद्दीच्या गठ्ठ्यातून कसरीची अंडी येऊ शकतात. कसर, म्हणजे तो चंदेरी, शेपटीला तीन केस असलेला किडा, कागद आरपार कुरतडण्याआधी वरचा थर खरवडतो. माझ्याकडच्या एका मुखपृष्ठावर वेताळाचा जांभळा पोशाख अशा खरवडण्याने ठिकठिकाणी पांढरा पडलेला आहे. त्यासाठी नवा अंक आधी कोरडा करून, हवा काढलेल्या पिशवीत बंद करून आठ-पंधरा दिवस डीप फ्रीजरमध्ये जातो. बाहेर काढल्यावर पिशवी दिवसभर उघडायची नाही, म्हणजे दव पिशवीवर बाहेरून धरतं आणि कागद कोरडा राहतो.

सगळ्यात नाजूक काम पिनांचं. जुन्या लोखंडी पिना गंजतात आणि मधल्या पानावर तांबूस डाग उमटतो. तो डाग हळूहळू कागद खातो. मी मधलं पान उघडते, पातळ चपट्या पट्टीने पिनेचे पाय सरळ करते आणि पाठीकडून ती हलकेच ओढून घेते. गंजाची पूड ब्रशने झाडते. मग त्याच दोन भोकांतून सुती दोरा ओवून सैलसर गाठ मारते. चिकटपट्टी मात्र कधीच लावत नाही. ती काही वर्षांत पिवळी होऊन निघून जाते आणि डिंकाचा डाग मागे ठेवते. चाळीच्या काळात अंक बाइंडिंगला देऊन कडा कापून घ्यायची पद्धत होती. असे खंड मी उसवत नाही. तेही त्या काळच्या वाचकाच्या प्रेमाचंच रूप आहे.

संग्रह वाढतो, घर वाढत नाही. एका वहीत प्रत्येक अंकाची नोंद आहे: क्रमांक, भाषा, कुठून मिळाला, अवस्था. दुबार अंक मी विकत नाही, दुसऱ्या संग्राहकाला देऊन त्याच्याकडचा घेते. एका कपाटात मावेल तेवढंच ठेवायचं हे घरात ठरलेलं आहे. नवा अंक आला की कुठला तरी जुना योग्य हाती जातो. निवड करावी लागते, आणि निवडताना आपल्याला खरोखर काय जपायचं आहे ते कळतं. मी मराठी अंक कधीच सोडत नाही. इंग्रजी पुन्हा मिळतील, मराठी इंद्रजाल रद्दीत गेलं तर कायमचं गेलं.

इतक्या वर्षांत एक गोष्ट मी खात्रीने सांगू शकते. जे अंक वर्षानुवर्षं बंद राहिले, त्यांनाच बुरशी आणि कसर आधी लागली. जे वाचले गेले, ते टिकले. हातात घेतलेल्या अंकाला हवा लागते, किडा लगेच दिसतो, सैल झालेलं पान वेळेत सावरलं जातं. म्हणून रविवारी दुपारी आमचं दार वसाहतीतल्या मुलांसाठी उघडं असतं. हात धुवायचे, पुसायचे, अंक टेबलावर ठेवून वाचायचा, पान वरच्या कोपऱ्यातून उलटायचं. ही शिस्त मुलं सहज पाळतात, कारण त्यांना पुढचं पान हवं असतं.

तुमच्या माळ्यावर, एखाद्या बॅगेत असे अंक पडले असतील तर ते खाली काढा, झटका, कोरड्या जागी ठेवा आणि घरातल्या लहानांच्या हाती द्या. जागा नसेल तर रद्दीत घालण्यापूर्वी एखाद्या संग्राहकाला किंवा वाचनालयाला विचारा. मराठी मुलांनी एकेकाळी काय वाचलं याचा पुरावा आज बहुतेक आपल्याच घरांत आहे, आणि तो सांभाळायला आपल्याइतकं जवळचं दुसरं कुणी नाही.