यंत्राचा ताप

वैशाखांतलें बल्लारपूर ज्यांनीं पाहिलें आहे, त्यांस उन्हाळ्याचें वर्णन निराळें सांगावयास नको. वर्धा नदीचें पात्र रोडावतें, दुपारीं रस्ते ओस पडतात आणि पारा ४५ अंशांच्याही वर जातो. अशा गांवांत राहून आम्ही आपल्या घरच्या संगणकाची उष्णता आपण होऊन वाढविली, हा वेडेपणा वाचकांस सांगावा कीं न सांगावा, असा विचार बरेच दिवस मनांत घोळत होता. परंतु एकाच्या चुकीनें दुसरा शहाणा होत असेल, तर ती सांगण्यांत लाज कसली?

गेल्या नाताळच्या सुटींत आम्हीं तो उपद्व्याप केला. संगणकाच्या प्रोसेसरला कारखान्यानें ठराविक वेग नेमून दिलेला असतो; कांहीं प्रोसेसर तो वाढवूं देतात. या उद्योगास ओव्हरक्लॉकिंग म्हणतात. वेग वाढविला कीं बहुधा वीजदाबही वाढवावा लागतो, आणि खरी गोम तेथेंच आहे. स्थूलमानानें उष्णता वेगाच्या प्रमाणांत वाढते, पण वीजदाबाच्या वर्गाच्या प्रमाणांत वाढते. दोन्ही दहा-दहा टक्के वाढविले तर वेग १० टक्केच वाढतो, उष्णता मात्र ३३ टक्के! परदेशांतील शौकीन लोक उणें १९६ अंशांचें द्रव नायट्रोजन ओतून प्रोसेसर थंड राखतात व ८ गिगाहर्ट्झच्या पलीकडे जातात. आमच्यापाशीं एक पंखा होता.

प्रोसेसरच्या पोटांत उष्णतामापक असतो व त्याचा आंकडा पडद्यावर पाहतां येतो. जानेवारींत खोलींत २४ अंश असतां पूर्ण भार देऊन पाहिलें, तों आंकडा ७६ वर स्थिरावला. मर्यादा होती १०० ची. दर मिनिटाची नोंद आपोआप लिहिली जाईल अशी व्यवस्था केली आणि आम्ही निश्चिंत झालों.

मे महिन्यांत ताईनें आपल्या अभियांत्रिकीच्या प्रकल्पाचें लांबलचक गणित रात्रीं संगणकावर लावलें. तें दुसऱ्या दिवशीं सायंकाळपर्यंत चालणार होतें. दुपारीं कूलरच्या टाकींतील पाणी संपलें, तें कोणाच्याच ध्यानांत आलें नाहीं. ताई बाहेरून परतली तेव्हां पडदा काळा होता आणि रात्रीपासूनचें सारें काम नाहींसें झालें होतें. ती आम्हांस एक अक्षर बोलली नाहीं. रागावली असती तर बरें झालें असतें.

नोंद उघडली. सारी हकीगत तींत होती. पहाटे ८२, अकराला ९१, एकला ९८, मग १००. त्यानंतर प्रोसेसरनें स्वतःच्या रक्षणार्थ वेग मूळच्याहूनही कमी केलेला. आणि शेवटीं कोरी जागा. ज्या वेगासाठीं हा खटाटोप, तोही ऐन वेळीं उरला नव्हता.

आमचे वडील पेपर मिलमध्यें बॉयलरवर असतात. लगदा शिजविण्यास लागणारी वाफ त्यांच्या खात्यांतून जाते. सर्व ऐकून त्यांनीं विचारलें, "नोंद ठेवलीस, पण वाचली कोणीं?" आम्ही निरुत्तर झालों. ते म्हणाले, "आम्ही तासातासाला दाब पाहून वहींत लिहितों. ती वही साहेबांसाठीं नसते, बाबू. लिहायच्या निमित्तानें माणूस काट्याकडे पाहतो, त्यासाठीं असते."

मग आमची दुसरी चूकही उमगली. पंखा हवा फिरवितो, ती थंड करीत नाहीं. खोली जितके अंश तापेल, जवळजवळ तितकेच अंश प्रोसेसरही चढतो. म्हणून ७६ या आंकड्यापेक्षां ७६ उणे २४, म्हणजे ५२ चा फरक ध्यानांत ठेवावयास हवा होता. खोली ४६ झाली कीं ९८. त्यांत धूळ भर घालते. हें गणित पांचवीच्या मुलासही आलें असतें.

पुढें आम्हीं धूळ काढली, सुकलेली थर्मल पेस्ट बदलली, वीजदाब उतरविला व वेग जवळजवळ मूळपदावर आणला. कसोटी भर दुपारीं, कूलर बंद ठेवून घेतली. आतां फरक ३८ अंशांचा आहे. आंकडा ८५ वर गेल्यास घंटा वाजते. शिवाय संगणकाशेजारीं एक वही टांगली आहे.

त्याच महिन्यांत ताईनें गणित पुन्हां लावलें. आम्हीं टाकी भरली व तासातासाला खोलीचा आणि प्रोसेसरचा आंकडा वहींत लिहीत राहिलों. दुसऱ्या दिवशीं काम पुरें झालें, तेव्हां ताईनें आमच्या हातांतील पेन्सिल घेतली आणि शेवटची नोंद स्वतः केली: खोली ४१, प्रोसेसर ७९.