वाफसा, नांगर आणि गहू

जबलपूरकडच्या काळ्या जमिनीत गव्हाचे उत्पन्न नांगरटीच्या खोलीपेक्षा वाफशावर अधिक ठरते. ही माती ओली असताना फाळाला चिकटते, वाळली की भेगाळून कडक होते. वाफशाचे, म्हणजे मशागतीजोग्या ओलीचे, दिवस मध्ये मोजकेच मिळतात.

जुन्या हवेली पद्धतीत हे नेमके हेरले होते. उंच बांधांच्या शेतात पावसाळाभर पाणी कोंडायचे, ऑक्टोबरच्या सुमारास ते सोडून द्यायचे आणि वाफसा येताच गहू किंवा हरभरा पेरायचा. पाण्याखाली तण कुजे, ओल खोल मुरे. वखराच्या थोड्या पाळ्यांत काम भागे. सिंचन आले, धान आले आणि पावसाळ्यात रान रिकामे ठेवणे परवडेनासे झाले.

धानाच्या चिखलणीने मातीची घडण मोडते, खाली घट्ट थर बसतो. कापणीनंतर अशा रानात नांगर घातला की ढेकळेच निघतात. एखादे फोडून पाहावे: वरून खडखडीत, आत ओले. त्यांच्या पोकळीत पडलेले बी मातीला धरत नाही, उगवण विरळ होते. म्हणून पुन्हा पाळ्या घातल्या जातात. तोवर ओल उडते, नोव्हेंबर सरतो. उशिराच्या गव्हाला दाणा भरतानाच मार्चचे ऊन गाठते आणि दाणा बारीक राहतो. रान भुसभुशीत दिसल्याचे समाधान तेवढे पदरी पडते.

याउलट शून्य मशागतीत न नांगरता धसकटातच उलट्या ‘टी’ आकाराच्या फाळाने अरुंद चीर पाडून सुमारे 5 सेंटिमीटरवर बी आणि खत सोडतात. डिझेल वाचते, त्याहून मोलाचे म्हणजे पेरणीचे दिवस वाचतात. पुढे साधारण 21 दिवसांनी मुकुटमुळे फुटताना पहिले पाणी चुकवू नये, नाहीतर फुटवे कमी येतात. कंबाइनमागे पडलेला मोकळा पेंढा साध्या यंत्रात अडकतो. तो जाळण्यापेक्षा पेंढ्यातच पेरणारे हॅपी सीडर यंत्र वापरावे, पेंढ्याखाली ओलही टिकते.

तणाचा हिशेब मात्र वेगळा. माती न ढवळल्याने खोलवरचे बी वर येत नाही, पण पेरणीआधी उगवलेले चाकवत आणि मुळाशी तग धरणारी हरळी मारायला वखर नसतो. तिथे तणनाशक लागतेच. जबलपुरातच तण संशोधन संचालनालय आहे. सल्ला तिथून घ्यावा.

पाणी तुंबणारे, उंचसखल रान आधी सपाट करून घ्यावे, मगच नांगरणे सोडावे. ओल्या काळ्या मातीत रोटाव्हेटर मात्र घालूच नये. वर माती भुसभुशीत होते आणि पात्यांखाली नवा घट्ट थर बसतो.