नव्या मोटारीतून पानिपतास

वाचकहो, घरात नवी वस्तू आली म्हणजे पहिले काही दिवस ती आपली होत नाही. आपणच तिचे होऊन बसतो. आमच्या दिल्लीच्या घरी गेल्या दिवाळीनंतर एक छोटी मोटार आली आणि या सत्याचा मला पुरेपूर अनुभव आला. पहिल्या आठवड्यात मी रात्री दोनदा उठून खिडकीतून ती जागेवर आहे ना हे पाहून घेत असे. दाराशी कुणी सायकल टेकविली तरी छातीत धस्स होई. भाषांतराच्या टेबलावर बसले असतानाही मनातल्या मनात मी क्लच दाबीत आणि गिअर बदलीत असे.

ही गाडी ज्या जातीची आहे तिला हॅचबॅक म्हणतात. सामानाची पेटी मागे वेगळी बाहेर काढलेली नसते. पाठीमागचा संपूर्ण दरवाजाच वर उचलला जातो आणि आसनांमागची जागा सामानास मिळते. सामान अधिक असेल तर मागच्या आसनाची पाठ पुढे दुमडावी, की तेथे एखादी गादीसुद्धा मावते. ज्यांच्या आठवणीत उत्तरपाड्याची अँबॅसडर आणि कुर्ल्याची फियाट आहे, त्यांना मोटार म्हणजे मागे ऐसपैस डिकी असलेले वाहन, असेच वाटत आले. ही समजूत बदलली ती मारुती ८०० या छोट्या गाडीने. १४ डिसेंबर १९८३ रोजी तत्कालीन पंतप्रधान इंदिरा गांधी यांनी तिच्या पहिल्या ग्राहकाच्या हाती किल्ली दिली आणि पुढे २०१४ पर्यंत ती गाडी तयार होत राहिली. इंजिन अवघे ७९६ घन सेंटिमीटरांचे. पण स्कूटरवर चौघे बसून जाणाऱ्या असंख्य कुटुंबांच्या डोक्यावर तिने प्रथमच छप्पर धरले.

लहान गाड्यांना आपल्याकडे करातही सवलत मिळत आली आहे. २००६ च्या अर्थसंकल्पाने चार मीटरांच्या आत लांबी आणि १२०० घन सेंटिमीटरांच्या आत पेट्रोल इंजिन असलेल्या गाड्यांवरील अबकारी कर २४ टक्क्यांवरून १६ टक्क्यांवर आणला. २२ सप्टेंबर २०२५ पासून अशाच लहान गाड्यांवरील वस्तू व सेवा कर १८ टक्के झाला. आमच्या घरी कित्येक वर्षे नुसत्या बोलण्यातच असलेली गाडी दारात उभी राहिली, त्याला हेही एक कारण झाले.

तरीही ती कर्जाचीच. हप्ते पाच वर्षांचे. माझी आई वडिलांच्या निधनानंतर आमच्याकडेच असते. तिला ही गोष्ट मुळीच रुचली नव्हती. "पायी चालणाऱ्याला कुणी हप्ता मागत नाही," एवढेच ती बोलली आणि पेढा अर्धाच खाऊन बाजूला ठेवला. तिचे म्हणणे खोटे आहे असे मला सांगता येईना. शिवाय तिच्या गुडघ्यांमुळे तिला पायीही फारसे चालवत नाही आणि बसच्या पायऱ्या तर चढवतच नाहीत, हेही मला तिच्या तोंडावर म्हणवेना. म्हणून मी एवढेच विचारले, "आई, रविवारी पानिपतास येतेस?"

या प्रश्नामागे एक गोष्ट आहे. माझे वडील सातारा जिल्ह्यातील एका गावी शाळेत इतिहास शिकवीत. संक्रांतीचा सुमार आला की ते फळ्यावर पानिपतचा नकाशा काढीत. मराठ्यांची फौज पांढऱ्या खडूने, अब्दालीची तांबड्या खडूने आणि यमुना निळ्या. १७६० च्या मार्चमध्ये पटदूरहून निघालेले सदाशिवरावभाऊ ऑगस्टच्या आरंभी दिल्लीत आले, ऑक्टोबरमध्ये त्यांनी उत्तरेस जाऊन कुंजपुरा घेतला आणि त्याच महिन्याच्या अखेरीस अब्दाली बागपतजवळ यमुना उतरून त्यांच्या व दिल्लीच्या मध्ये येऊन उभा राहिला, हे ते दरवर्षी त्याच तन्मयतेने सांगत. स्वतः मात्र ते पानिपतास कधीच गेले नाहीत. सुट्टी असे तेव्हा पैसा नसे, आणि पैसा जमे तेव्हा घरात कुणाचे तरी लग्न वा आजारपण निघे. आईने तो नकाशा कधी पाहिलाही नसेल. पण त्यांच्या सदऱ्यावरचे तिन्ही रंगांचे डाग तिने वर्षानुवर्षे धुतले होते.

रविवारी सकाळी सहा वाजता आम्ही निघालो. बसतानाच गाडीचा पहिला दोष ध्यानी आला. छोट्या गाडीचे आसन बुटके. गुडघे दुखणाऱ्या माणसाला वाकून आत शिरणे कठीण. शेवटी आईने आधी पाठ टेकून बैठक घ्यावी आणि मग पाय एकेक करून आत घ्यावेत, अशी युक्ती निघाली. तिला पुढे बसविल्यामुळे माझ्या उंच यजमानांची रवानगी नऊ वर्षांच्या मुलीबरोबर मागे झाली आणि ते गुडघे हनुवटीशी घेऊन बसले. तेथूनही "आता ब्रेक", "आता गिअर" हा त्यांचा उपदेश अखंड चालूच होता, हे सांगावयास नकोच.

वाचकहो, नव्या गाडीचे गुण-दोष दुकानाच्या दारात कळत नाहीत. ते रस्ता सांगतो. ९९८ घन सेंटिमीटरांचे तीन सिलिंडरांचे हे इंजिन सिग्नलपाशी उभे असताना किंचित थरथरते. चालू लागले की तो थरथराट विरून जातो. रिंग रोडच्या गर्दीत साडेतीन मीटरांची ही गाडी सुईसारखी वाट काढते आणि अरुंद जागेत सहज वळते. मात्र वातानुकूलन चालू ठेवून चौघांसह उड्डाणपूल चढताना तिला धाप लागते आणि एक गिअर खाली यावे लागते. शहर मागे पडून राष्ट्रीय महामार्ग ४४ लागला आणि मोठ्या मालमोटारी दोन्ही बाजूंनी जाऊ लागल्या, तेव्हा त्यांच्या वाऱ्याच्या झोताने आमची हलकी गाडी चक्क हलत असे. माझे तळहात घामाने ओले झाले होते. नव्या इंजिनाला पहिले हजार किलोमीटर फार ताणू नये असे पुस्तिकेत लिहिले आहे. त्या वाक्याचा मला फार मोठा आधार वाटला. डाव्या बाजूने, धीमेपणाने जाण्यास त्याहून चांगली सबब कोणती?

मुरथलला आम्ही थांबलो. तेथील धाब्यांवर तव्यावरचा पराठा आणि त्यावर पांढऱ्या लोण्याचा गोळा मिळतो. खरे सांगावयाचे तर भूक कुणालाच नव्हती. आईचे पाय अवघडले होते. बसमध्ये अथवा आगगाडीत हे कुणाला सांगावे? तेथे थांबण्याची जागा दुसऱ्यानेच ठरविलेली असते. येथे मी नुसते डावीकडे वळले आणि आई पंधरा मिनिटे अंगणात येरझारा घालीत राहिली. गाडी वेगासाठी घेतात असे म्हणतात. मला तिचा पहिला खरा उपयोग थांबण्यात दिसला.

पुढे रस्त्याची उजवी बाजू दाखवून मी मुलीला सांगितले, "तिकडे पूर्वेला यमुना, आणि नदीच्या पलीकडे बागपत." ते वाक्य माझे नव्हते, फळ्यासमोरचे होते. आईने मान वळवून बराच वेळ तिकडे पाहिले. दिसत होती ती फक्त शेते आणि धुके. या जुन्या मार्गावर कोसाकोसाला उभारलेले मोगल काळातील विटांचे मनोरे हरियाणात अजून कित्येक ठिकाणी आहेत. सुमारे ३० फूट उंचीचा असा एक मनोरा आम्ही पाहिला, तेव्हा मुलीने गाडीच्या अंतरमापकाकडे बोट दाखवून विचारले, "म्हणजे हा त्यांचा मीटर का?" उत्तर देण्याची गरज नव्हती.

दिल्लीपासून पानिपत सुमारे ९० किलोमीटर. शहरावरून जाणाऱ्या उंच पुलावरूनच कोणी पुढे गेला तर तेथे १५२६, १५५६ आणि १७६१ अशा तीन मोठ्या लढाया झाल्या याची त्याला गंधवार्ताही लागणार नाही. तिसऱ्या लढाईचे स्मारक शहराबाहेर काला अंब येथे आहे. तेथे पूर्वी काळ्या पडलेल्या आंब्याचे झाड होते, अशी परंपरागत कथा सांगतात. आज तेथे बाग आहे, आणि लोखंडी कठड्याच्या आत विटांचा एक साधा स्तंभ. आपल्या भाषेत ज्या गावाचे नाव सर्वनाशाचा वाक्प्रचार होऊन बसले, त्या ठिकाणी फुलझाडांमध्ये मुले पकडापकडी खेळत होती.

आई माझ्या हाताला धरून स्तंभापर्यंत चालत गेली. मला वाटले, ती वडिलांविषयी काही बोलेल. तिने विचारले, "इथून घरी परतायला त्यांना वाट नव्हती, असंच ना गं?"

"हो, आई. दिल्लीची वाट अडली होती. अडीच महिने अन्नावाचून इथंच अडकले."

"आणि आपल्याला किती वेळ लागेल?"

"अडीच तास."

तिने कठड्याला हात लावून नमस्कार केला आणि म्हणाली, "मग जरा बसू या."

परतताना शहरात शिरलो ते घोंगडी घेण्यासाठी. पानिपत हातमागाच्या व विणकामाच्या धंद्यासाठी प्रसिद्ध आहे. जुन्या लोकरी कपड्यांपासून पुन्हा सूत काढून येथे घोंगड्या विणल्या जातात. बाजाराच्या गल्लीत गाडी उभी असताना सुताच्या गठ्ठ्यांनी लादलेली एक हातगाडी शेजारून गेली आणि तिच्या लोखंडी कोपऱ्याने आमच्या मागच्या दारावर वीतभर ओरखडा उमटला. तो आवाज मला आजही ऐकू येतो. मी खाली उतरले आणि त्या वृद्ध हातगाडीवाल्यावर अशी काही ओरडले की आसपासचे दुकानदार बाहेर आले. "माफ करना, बहनजी," असे म्हणून तो गाडीचा दांडा धरून तसाच उभा राहिला. गाडी सोडली असती तर ती उतारावरून घसरली असती.

आईने काच खाली केली. "अगं, ओझं त्याच्या गाडीवर आहे," ती म्हणाली. "आपली तर नुसती उभी आहे. मागं घे."

वाचकहो, जन्मभर मी त्या गल्लीतून पायी चालणाऱ्यांपैकी होते. हॉर्न वाजविणाऱ्यांचा मला राग येई. गाडी येऊन पंधरा दिवस झाले नव्हते तोच माझा आवाज त्यांच्यासारखा झाला होता. मी त्या गृहस्थांची क्षमा मागितली आणि गाडी मागे घेतली. यजमानांनी खाली उतरून हातगाडीला हात लावला. घोंगडी घेतली ती मागचा दरवाजा उचलून आत ठेवली, आणि दिवस मावळण्यापूर्वी आम्ही दिल्लीच्या वाटेला लागलो.

घरी आल्यावर हिशेब केला. येण्याजाण्याचे दोनशे किलोमीटर, पेट्रोल दहा लिटर. म्हणजे लिटरला वीस किलोमीटर. आणखीही काही टिपून ठेवले आहे: आसन बुटके, मागे उंच माणसास अडचण, चढावर इंजिन दमते, गल्लीत मात्र शहाण्यासारखी वागते. तो ओरखडा रंगवून घ्यावा असे यजमान म्हणतात. मी तो तूर्त तसाच ठेवला आहे. दार उघडताना दिसला की हात हॉर्नपासून थोडा दूर राहतो.

हप्त्यांविषयी आईचे मत अजून बदललेले नाही. परंतु परवा रात्री नव्या घोंगडीत पाय गुंडाळून बसली असता तिने नातीला हळूच विचारले, "काय गं, कुरुक्षेत्र पानिपताच्या किती पुढं आहे?"